बाकावरची गोलकीपर

ऑगस्ट सरत आला की मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या आमच्या रस्त्याच्या टोकाचे वॉटलचे झाड पिवळे होते. थंडी अजून हटलेली नसते. सकाळी गाडीच्या काचेवरचे दहिवर खरवडून काढावे लागते, आणि त्याच वेळी हे झाड कुंपणापलीकडून हट्टाने वसंताची बाजू मांडत असते. त्याच्याकडे पाहून शेजारी बागकामाची अवजारे बाहेर काढतात. मला मात्र त्या पिवळ्या रंगाबरोबर एका जुन्या फ्रीझरचे झाकण आठवते. हा फ्रीझर आइस रिंकवर, सामन्याची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलामागे आहे. आत आइस हॉकीच्या काळ्या रबरी चकत्या, म्हणजे पक, आणि कुणाला मार लागलाच तर थंड शेक द्यायला ठेवलेली वाटाण्यांची एक पिशवी. गोठवलेला पक बर्फावर उसळत नाही, सरळ घसरतो. सामना सुरू होण्यापूर्वी तो हातात घेतला की त्याची थंडी हातमोज्यातूनही बोटांच्या हाडांपर्यंत पोचते.

गेल्या आठवड्यात फोनवर निरोप आला: ‘रविवारी दुपारी महिलांची फायनल. टेबलावर बसशील?’ मी ‘हो’ लिहिले. मग बराच वेळ त्या झाडाकडे पाहत उभी राहिले, कारण चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम त्याच पिवळ्या रंगातून पुन्हा समोर आला होता.

त्या वर्षी मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. औषधांच्या चाचण्यांमध्ये अर्धवट राहिलेल्या नोंदींचे काय करावे, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पुण्याहून आलेली, घाईत असलेली, आणि आपल्या कामात चूक सापडू शकते ही शक्यता फक्त तत्त्वतः मान्य करणारी अशी मी तेव्हा होते. शर्वरीताईची ओळख एका इस्पितळातल्या बैठकीत झाली. ती भूलतज्ज्ञ, मूळची दादरची, राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेरिबीत, वय चव्वेचाळीस. बैठकीत मी एका तक्त्यातली विसंगती दाखवली. बाहेर पडताना ती म्हणाली, “तुला मोजायला आवडतं ना? मग रविवारी रिंकवर ये. आमच्याकडे मोजायला कुणीच नाहीये.”

“रिंक? कसली रिंक?”

“आइस हॉकी. मी गोलकीपर आहे. हसून घे, मग बोलू.”

मी हसले नाही, पण चेहऱ्यावर काहीतरी उमटले असावे. ज्या देशात नाताळला लोक समुद्रावर जातात, तिथे गोठलेल्या पाण्यावर खेळायचा हा खेळ. आणि त्यात दादरची, कमरेची तक्रार असलेली एक डॉक्टर. सगळीच मापे चुकल्यासारखी वाटत होती. पुढे कळले की ताई वयाच्या छत्तिसाव्या वर्षी स्केटिंग शिकली. लेक ईरा चार वर्षांची असताना तिला लहान मुलांच्या वर्गात घातले. ईरा रडली, तेव्हा तिच्या सोबतीला ताई उतरली. लहान मुलांना तोल सांभाळायला प्लास्टिकचे पेंग्विन देतात. तसा एक पेंग्विन कमरेत वाकून धरून ताई तीन महिने रिंकभर फिरली. ईराने वर्षभरात स्केटिंग सोडले. ताईने सोडले नाही.

त्या हंगामाचा पहिला भाग मला रिंकपेक्षा वेरिबीतल्या ताईच्या दिवाणखान्यात जास्त आठवतो. उत्तर अमेरिकेत वसंतात प्लेऑफ सुरू होतात, म्हणजे बाद फेरीच्या मालिका. सात सामन्यांतले चार जो जिंकेल, तो पुढे जातो. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. त्यामुळे एप्रिल ते जून, सुट्टीच्या दिवशी ताईकडे साडेनऊला टीव्ही लागे. साबुदाण्याच्या खिचडीची बशी मांडीवर घेऊन आम्ही दाढ्या वाढवलेल्या दमलेल्या माणसांकडे पाहत बसत असू. बाद फेरी संपेपर्यंत दाढी करायची नाही, अशी त्या खेळाडूंची रीत आहे. ताईला दाढी नव्हती, म्हणून तिने पायमोजे धुणे बंद केले होते.

“आई, धिस इज सो ग्रॉस,” असे ईरा दर आठवड्याला म्हणे.

“मोजे धुतल्याने निकाल बदलतो याला काही पुरावा?” मी विचारले.

“न धुतल्याने बदलत नाही याला काही पुरावा?” ताई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली. उत्तर चुकीचे होते. पण भूल देणाऱ्या माणसाच्या शांत आवाजात सांगितलेली चुकीची गोष्टही पटते.

त्या सकाळींमध्येच मी या खेळाचा इतिहास ऐकला. वाचला तो नंतर. मालिकेत शून्य-तीन असे मागे पडल्यावर उरलेले चारही सामने जिंकलेले संघ हाताच्या बोटांवर मोजता येतात. मी घरी जाऊन तो हिशेब मांडून पाहिला. प्रत्येक सामना नाणेफेकीइतका सोपा धरला, तरी असे सोळातून एकदा व्हायला हवे. प्रत्यक्षात ते त्याहून खूपच दुर्मीळ आहे, कारण तीन सामने हरलेला संघ बहुधा खरोखरच दुबळा असतो, आणि तो दमलेलाही असतो. म्हणजे जे थोडे परतले, ते नाणेफेकीपेक्षा कितीतरी मोठ्या नकाराला ओलांडून परतले होते. माझ्या आकडेमोडीने त्यांचे आश्चर्य कमी होईल असे मला वाटले होते. ते वाढले.

आणि ओव्हरटाइम. बाद फेरीत बरोबरी चालत नाही. वीस-वीस मिनिटांचे जादा डाव खेळायचे, पहिला गोल होईपर्यंत, मग कितीही वेळ लागो. साधारण नव्वद वर्षांपूर्वीचा एक सामना असाच सहाव्या जादा डावात गेला. जवळजवळ तीन सामन्यांइतका वेळ दोन्ही बाजूंनी एकही गोल झाला नाही. शेवटी संघातल्या एका नवख्या खेळाडूने तो केला, आणि लोक पहाटे घरी गेले. त्या काळी गोलकीपरने अडवलेल्या फटक्यांची आजच्यासारखी नियमित नोंद होत नसे. त्यामुळे जिंकलेल्या गोलकीपरने त्या सामन्यात किती फटके अडवले, याचे आकडे सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. मला हे सहन होईना. इतके मोठे काही घडते, आणि त्याची मोजदाद पक्की नसते?

“अगं, पण त्याने अडवले ना,” ताई म्हणाली. “मोजणाऱ्याला झोप आली असेल. त्याला नव्हती आली.”

आमच्या रिंकवरच्या लीगमध्ये दाढ्या नव्हत्या, कॅमेरे नव्हते, आणि प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे घरचे लोक. टेबलावर बॅरी बसे. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त सर्व्हेअर. घड्याळ त्याच्याकडे, स्कोअरशीट माझ्याकडे. पहिल्याच दिवशी त्याने मला दोन नियम सांगितले. टेबलावर बसलेल्याने टाळी वाजवायची नाही, कारण टेबल कुणाच्याच बाजूचे नसते. दुसरा नियम शॉट मोजण्याचा. जो फटका गोलकीपरने अडवला नसता तर गोल झालाच असता, तोच शॉट. बाजूने गेलेला मोजायचा नाही. आणि गोलच्या खांबाला लागून परत आलेलासुद्धा मोजायचा नाही.

“खांबाला लागला तरी नाही?” मी विचारले. “पण तो तर आत जाता जाता राहिला.”

“मेट, खांबाला लागला म्हणजे नेम चुकला,” बॅरी म्हणाला. “बोटभर चुकला काय, मैलभर चुकला काय, कागदाला दोन्ही सारखेच.”

त्याच दुपारी मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. पक लोखंडी खांबावर आदळला की देवळातली लहान घंटा एकदाच वाजावी तसा स्वच्छ नाद उठतो. सगळी रिंक क्षणभर थबकते. आणि कागदावर काहीही उमटत नाही. ताई प्रत्येक डावाआधी दोन्ही खांबांना स्टिकने हलकेच स्पर्श करी, उंबऱ्याला हात लावून घरात शिरावे तशी. एखादा फटका खांबाने परतवला की ती मागे वळून त्याला थोपटे. मी ते पाही, आणि काही लिहीत नसे.

हंगामातल्या त्या पहिल्या सामन्यात ताई खेळलीच नव्हती. संघात तेव्हा मेगन नावाची दुसरी गोलकीपर होती. ती गोलमध्ये उभी होती, आणि ताई पूर्ण पोशाखात, पायांना उशांसारखे पॅड बांधून, बाकाच्या टोकाला राखीव बसली होती. राखीव गोलकीपरचे काम म्हणजे खेळाडू बाहेर येताना दार उघडायचे, आत जाताना लावायचे, आणि सतत तयार राहायचे. सामना संपल्यावर मी शीट पूर्ण केली. छापील यादीत हजर असलेल्यांच्या नावापुढे खूण करायची असते, आणि न आलेल्यांची नावे खोडायची. ताईचे नाव पाहून मी थांबले. ती एक सेकंदही बर्फावर उतरली नव्हती. जे घडले नाही ते घडल्यासारखे लिहायचे नाही, अशी माझी शिस्त. मी पट्टी धरली आणि तिच्या नावावर सरळ, सुबक रेघ ओढली. पंचांनी न वाचता सही केली. त्या रेघेकडे पाहून मला समाधान वाटले होते, हेही इथे लिहायला हवे.

महिन्याभरात मेगन नोकरीसाठी ब्रिस्बेनला गेली, आणि गोल ताईकडे आला. पुढचे सामने तिने खेळले. इस्पितळात ड्यूटी आली की दुसऱ्या संघातली एखादी उसनी गोलकीपर उभी राही. ताई असताना काहीतरी वेगळे घडे. ती चपळ नव्हती. पण पक कुठे येणार हे तिला पक सुटण्याआधी कळे. मी विचारले, तेव्हा म्हणाली, “मारणारीच्या खांद्याकडे बघायचं. पेशंट झोपायच्या आधी जसा श्वास बदलतो ना, तसा खांदा बदलतो.” माझ्या नोंदींमध्ये तिचे अडवण्याचे प्रमाण आठवड्यागणिक चढत गेले. संघ दुसऱ्या क्रमांकावर पोचला, आणि पहिल्या दोन संघांची फायनल ठरली.

ही ताईची शेवटची फायनल असणार होती, आणि पहिलीही. कमरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेची तारीख सप्टेंबरमध्ये पडली होती. त्यानंतर गोलकीपरसारखे गुडघ्यांवर पडणे शक्य नाही, हे ती स्वतः डॉक्टर असल्याने कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

फायनलच्या आधीच्या मंगळवारी सकाळी तिचा फोन आला.

“अगं मुग्धा, लीगचा ईमेल आलाय. म्हणे मी फायनलला पात्र नाही. एक मॅच कमी पडतेय. पहिल्या मॅचला कुणीतरी माझं नाव खोडलंय. पण मी होते ना गं तेव्हा? तू बघितलंस ना?”

मी म्हणाले, “बघते.” आणि फोन ठेवला.

नियम मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. पोशाख चढवून बाकावर बसलेला खेळाडू त्या सामन्यात हजर मानला जातो, मग तो खेळो वा न खेळो. संगणकावर माझाच प्रबंध उघडा होता. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की औषधाच्या चाचणीत ज्याला एखाद्या गटात घातले, त्याने गोळी घेतली नाही तरी तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा. नाहीतर निष्कर्ष खोटा ठरतो. रिकामी जागा आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच पानावर होते. हे तत्त्व मी परिषदांमध्ये इतरांना शिकवले होते. आणि एका थंड दुपारी, पट्टी हातात धरून, नेमके तेच मोडले होते.

मी लगेच फोन केला असे लिहायला मला आवडले असते. केला नाही. बॅरीने राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या टेबलासाठी माझे नाव सुचवले होते, आणि निवड त्याच आठवड्यात होती. माझ्या शीटमध्ये हंगामभर एकही दुरुस्ती नाही, हे मी त्याला दोनदा ऐकवले होते. बुधवारी सकाळपासून मी लीगला पाठवायच्या पत्राचा मसुदा करत होते. त्यात ‘हजेरीची व्याख्या संदिग्ध असल्याने’ असा शब्दप्रयोग होता. व्याख्या संदिग्ध नव्हती. चौथ्यांदा वाचताना ते वाक्य मला इतके सफाईदार वाटले की मी संगणक बंद केला, आणि दुपारी उशिरा गाडी काढून वेरिबीला गेले.

ताई गॅरेजमध्ये होती. मागे दोरीवर पॅड, छातीची ढाल, हातमोजे वाळत घातलेले. आणि न धुतलेले पायमोजे बादलीच्या कडेवर. दाराच्या पायरीवर ईरा गृहपाठ करत बसली होती.

“ताई, ते नाव मी खोडलं,” मी म्हणाले. “तू बर्फावर उतरली नव्हतीस म्हणून. माझी चूक आहे. मला कालच कळलं होतं.”

ती थांबली. हातमोजा तिने उलटा करून दोरीवर परत अडकवला.

“तू खोडलंस.”

“हो.”

“पट्टीने?”

“पट्टीने.”

“मग निदान सरळ तरी असेल,” ती म्हणाली. पायरीवर ईरा फिसकन हसली. ताई हसली नव्हती. तिने पॅडवरचा एक पट्टा दोनदा ओढून पाहिला, आणि मग त्याच शांत आवाजात म्हणाली, “काय करावं लागेल ते सांग. वाईट वाटून घ्यायचं असेल तर सोमवारी घे.”

दुरुस्तीसाठी तीन सह्या लागत होत्या. नोंद करणारीची, त्या सामन्याच्या पंचांची आणि त्या सामन्यातल्या प्रतिस्पर्धी कप्तानाची. पंचांनी संध्याकाळी सही दिली. उरली प्रतिस्पर्धी कप्तान. पहिला सामना ज्या संघाशी झाला होता, तोच फायनलला समोर होता. कप्तान केट, लीगमधली सर्वांत धोकादायक फटका मारणारी, क्रेगीबर्नच्या एका शाळेत शिकवत असे. तिने सही केली नाही, तर तिच्यासमोर एक उसनी गोलकीपर उभी राहणार होती. तिला काहीच करायचे नव्हते. फक्त नीट आठवत नाही, एवढे म्हणायचे होते.

गुरुवारी शाळा सुटण्याच्या वेळी मी तिथे पोचले. सगळे मेलबर्न ओलांडून जाईपर्यंत मी मनात पुराव्यांची मांडणी करत होते: छायाचित्रे, संघाच्या याद्या, बॅरीची साक्ष. केट मैदानाच्या कडेला शंकू गोळा करत होती. मी कागद पुढे केला, आणि माझ्याकडून काय चुकले ते सांगितले.

“शर्वरी नव्हती असं कोण म्हणतं?” ती म्हणाली.

“माझी शीट म्हणते.”

“मग तुझी शीट बहिरी आहे. ती बाई सामनाभर स्टिकने बाकापुढची फळी बडवत होती. आम्ही गोल केला तरी बडवायची, त्यांनी केला तरी बडवायची. माझं डोकं दुखायला लागलं होतं.” तिने एक शंकू उलटा ठेवला, त्यावर कागद टेकवला आणि सही केली. मग पेन परत देताना म्हणाली, “तिला सांग, मी तिच्या झेल घेणाऱ्या हातमोज्याच्या बाजूला वर मारणार आहे.”

“खरंच?”

“सांग फक्त.”

परतताना मी रस्त्यात एकदा गाडी थांबवली. आभार मानायचे मी विसरले होते. पण थांबण्याचे कारण ते नव्हते. माझ्या सगळ्या साधनांनी जे शून्य म्हणून नोंदवले होते, ते त्या मैदानावर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्धी बाईच्या कानात पाच महिने वाजत राहिले होते. मी शॉट मोजत होते. तिने एक माणूस ऐकले होते.

बॅरीला मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले, स्पर्धेतून माझे नाव काढा असेही म्हणाले. “पहिल्या वर्षी मी एकाला न केलेला गोल देऊन टाकला होता,” तो म्हणाला. “तो अजून मला नाताळचं कार्ड पाठवतो.” माझी निवड त्या वर्षी झाली नाही. ती झाली असती, तर मला स्वतःबद्दल शंका आली असती.

रविवारी दुपारी ताईच्या नावापुढे मी सामन्याच्या आधीच खूण केली. बाकावरच्या सगळ्यांच्या नावांपुढे केली.

त्या सामन्याचे तपशील माझ्याकडे अजून आहेत. शीटची प्रत माझ्या टेबलाच्या खणात असते. पण मला आठवते ते शीटवर नाही. बर्फ सपाट करणारी गाडी रिंकवर गरम पाणी सोडत फिरते. गरम पाणी वरचा ओरखडलेला थर किंचित वितळवते आणि त्याच्याशी एकजीव होऊन गोठते. मला ठाऊक असलेले हे भौतिकशास्त्र त्या दिवशी अपुरे पडले. तीन डाव संपून एक-एक अशी बरोबरी झाली. पहिल्या जादा डावाआधी गाडी फिरून गेली, आणि समोर आरशासारखा एक अखंड काळसर पृष्ठभाग उरला. त्यावर ताई एकटी आली. दोन्ही खांबांना स्टिक टेकवली. वाकली. सहाव्या जादा डावातल्या त्या जुन्या माणसाची मला आठवण झाली, आणि पहिल्यांदाच त्याने किती फटके अडवले हे जाणून घ्यावेसे वाटले नाही.

पहिल्या जादा डावात केटने हातमोज्याच्या बाजूला वर मारला. ताईचा हात निघाला, पण उशिरा. टण्‌. खांब वाजला. सगळी रिंक उभी राहिली. बॅरीने घड्याळावरचे बोट हलवले नाही. माझे पेन कागदापासून बोटभर अंतरावर होते. मी ते तसेच धरून ठेवले. जे आत्ताच घडले, त्याने माझ्या अंगावर काटा आला होता, आणि नियमाप्रमाणे ते घडलेच नव्हते. ताईने मागे वळून खांबाला थोपटले.

त्यानंतर ती जे काही करत होती, त्याला मी ‘अडवणे’ असा शब्द वापरला असला, तरी तो तोकडा आहे. कमरेतून तिला नीट उठता येत नव्हते. प्रत्येक वेळी ती आधी खांबाला धरी, मग एक गुडघा, मग दुसरा. तरी पक सुटण्याआधी ती तिथे असे. समोरच्या बाकावरच्या मुली आपल्या संघाचा फटका अडवला गेला तरी स्टिकने फळी बडवू लागल्या होत्या. टाळी वाजवायची नाही म्हणून मी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट दाबून बसले होते. शेजारी बॅरीने आपला एक हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

दुसऱ्या जादा डावात केट पुन्हा त्याच बाजूने आली. पुन्हा हातमोज्याकडून, पुन्हा वर. या वेळी खांब वाजला नाही. जाळी हलली.

मग एका बाजूचा जल्लोष, आणि बर्फावर गुडघ्यांवर बसलेली ताई. मी वेळ लिहिली, केटचा क्रमांक लिहिला, आणि गोल ज्या गोलकीपरवर झाला तिच्या रकान्यात ताईचा. ताईवरची नजर न काढता तो लिहिला, म्हणून तो आकडा थोडा वाकडा आहे. तो मी दुरुस्त केला नाही.

बाद फेरीची मालिका संपली की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून प्रत्येकाशी हस्तांदोलन करतात. आमच्या लीगमध्ये हे फक्त फायनलनंतर होते. रांग पुढे सरकत होती. केट ताईपाशी आली, आणि रांग थांबली. त्या काय बोलल्या ते टेबलापर्यंत आले नाही. ताईने हेल्मेट वर सारले, आणि दोघी हसत होत्या, एवढे दिसले.

बाहेर येताना ती टेबलापाशी थांबली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे. “तिने तुझ्याबरोबर सांगून पाठवलं होतं गं,” ती म्हणाली. “दोनदा तिथेच मारला. मला वाटलं, फसवतेय.” मग तिने माझ्या हातातली शीट स्वतःकडे वळवली आणि बोट फिरवत खाली आली. आपला क्रमांक तिला सापडला: पराभवाच्या रकान्यात, वाकडा.

“आहे,” ती म्हणाली. पुन्हा एकदा वाचल्यासारखे. “चला. मोजे धुवायला टाकते.”

ईरा मागून म्हणाली, “फायनली.”

हे सगळे त्या निरोपाने पुन्हा जागे झाले. बॅरी आता क्वीन्सलँडला असतो. त्याच्या गुडघ्यांना ऊब हवी होती. घड्याळाच्या खुर्चीवर दोन वर्षांपासून शर्वरीताई बसते. नवा सांधा तिला छान मानवला आहे. स्केट मात्र गॅरेजमध्ये टांगलेले आहेत.

रविवारी आम्ही दोघी टेबलावर होतो. मी फ्रीझरमधून पक काढला, याद्या पुढे ओढल्या, आणि बाकाकडे पाहून एकेका नावापुढे खूण करत गेले. एका बाकाच्या टोकाला एक राखीव गोलकीपर होती, एकोणीस-वीस वर्षांची, पॅड बांधलेली, दाराच्या कडीवर हात ठेवून. तिच्या नावापाशी येताच ताईने घड्याळावरून नजर काढून माझ्या पेनाकडे पाहिले. मी खूण केली. ताई पुन्हा घड्याळाकडे वळली.

दुसऱ्या डावात कुणाचा तरी फटका खांबावर वाजला. तो स्वच्छ नाद रिंकभर फिरून वर पत्र्यात विरला. बाकाच्या टोकावरची ती मुलगी स्टिकने फळी बडवत होती. ताईने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघींनी काही लिहिले नाही.